जर्मनीला दिलेला नकार

मंगळवार संध्याकाळ, आगाशी.

आली! जर्मनीची ऑर्डर आली! आमच्या वाडीतली सुकेळी, ही उन्हात सुकवलेली केळी, बोटीने हॅम्बुर्गला निघणार!

पण परवाचा तो व्हिडिओ कॉल काही डोक्यातून जात नाही. तिथल्या खरेदीदार बाईंनी विचारलं, पावसाळ्यातही दर महिन्याला ताजा माल द्याल ना? टेबलाखाली सासऱ्यांनी माझा पाय असा तुडवला! "हो म्हण गो, पुढचं पुढे बघू." गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणायची आपल्याकडे रीतच कुठे आहे? मी म्हटलं, "नाही. ऊन नाही, तर सुकेळी नाहीत." बाईंनी 'कळवते' म्हणून कॉल संपवला. सासऱ्यांनी तर अबोलाच धरला. मूर्खपणा केला का मी?

आज बाईंचा मेल: "आधीचे सगळे हो म्हणाले आणि वेळेवर माल कुणीच दिला नाही. तुम्ही सरळ नाही म्हणालात. आता उन्हाच्या दिवसांतला सगळा माल तुमच्याकडूनच घेणार."

आत्ता सासरे कुंपणापाशी उभे राहून शेजाऱ्याला सांगताहेत, "जर्मनीला तोंडावर नाही म्हटलं आम्ही!"

आम्ही! पाय अजून दुखतोय माझा.