मोडेम लागतो, लाईन तुटते

मंगळवार, ९ फेब्रुवारी

तुटलं! ऐन मोक्याला तुटलं!

ठकीचं ईमेल उघडलं होतं. वरचा अर्धा भाग उमटला तेवढाच — "आई, एकवीसला, रविवारी, मी तुमच्या गावावरून पुढे जाणार आहे. मधे एक दिवस मोकळा मिळतोय. घरी येऊ का? फोन मी करणार नाही, मागचा अनुभव पुरे झाला. तू हो कळवलंस तरच येईन. नाही कळवलंस तर समजून जाईन, रागावणार नाही. घर बदललंय, नवा नंबर लिहून ठेव —" आणि ठप्प. पुढे पांढरं पान. नंबर त्या पांढऱ्यात.

लगेच पुन्हा लावलं. लागलं. तुटलं.

रागावणार नाही म्हणे. स्वभाव बापाचा आणि रागावणार नाही!

बुधवार, १०

पाय स्टुलावर, प्लास्टर गुडघ्यापर्यंत, आणि मी बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर. बाथरूममध्ये घसरल्यापासून एवढंच माझं राज्य.

कॉम्प्युटर ठकीचाच. ती लग्न करून गेली — आम्हाला लग्नानंतर कळवून — त्याच दिवशी यांनी त्यावर चादर टाकली. "याला कुणी हात लावायचा नाही." पुढे तिने फोन केला तर तिचं "बाबा" पुरं व्हायच्या आत रिसीव्हर आपटला. त्या दिवसापासून हे फोनला शिवत नाहीत. वाजला तर वाजू देतात, गॅलरीत जाऊन उभे राहतात. तिचं नाव घरात निघत नाही. मी चादर काढली तेव्हा विचारलं, हे काय? म्हटलं, पत्ते खेळते. त्यात पत्त्यांचा डाव असतो, आपोआप पिसतो.

आज वायर काढून लावली. फुंकर मारली. मोडेमच्या डबीवर चापट मारली. टूं... मग नंबर फिरतो, मग ते किंचाळणं — मांजराच्या शेपटीवर पाय दिल्यासारखं — मग शांत. शांत झालं की लागलं समजायचं. हिरवा दिवा. मी माउस हातात घेते न घेते तोच तुटतं.

हे पेपराआडून म्हणाले, "पत्ते खेळायला फोनची वायर लागते वाटतं."

मी माउस फिरवत राहिले. उत्तर दिलं की पुढचा प्रश्न येतो.

गुरुवार, ११

लागलं. तुटलं. लागलं. तुटलं. भाजी करपली. (भाजी यांनी केलेली. मी खाल्ली. चांगली झालीये म्हणाले. माझ्या पायामुळे बिचारे घर सोडून हलत नाहीत, फिरणंसुद्धा बंद केलंय. दूध-भाजी दारात येते.)

शुक्रवार, १२

कॉम्प्युटरवाला आला. याला आम्ही "बघू" म्हणतो. काहीही विचारा, म्हणतो "बघू". किती वेळ लागेल? बघू. दुरुस्त होईल? बघू. पोट सुटलेला, दोन पोरींचा बाप, पण टेबलाखाली शिरतो मात्र सरड्यासारखा.

वायर बघितली, भिंतीतली खोबण बघितली. "आत आणखी एक फोन आहे ना?"

"आहे," हे म्हणाले.

"चालू आहे?"

"आहे की."

आत जाऊन उचलून बघून आला. मोडेम लावला. किंचाळला, शांत झाला, हिरवा दिवा — आणि तसाच राहिला! बघूचा चहा संपेपर्यंत राहिला! "काकू, यात काहीच बिघाड नाही."

आणि मी काय केलं? काही नाही. हे समोरच्या खुर्चीत ठाण मांडून बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर पडद्यावर. यांच्यासमोर ठकीचं पत्र उघडू? नाव दिसलं असतं तर इथेच महाभारत झालं असतं. बघूने बंद केलं, पिशवी उचलली, गेला.

तो जिना उतरत नाही तोच मी लावलं. हे उठून आत गेले होते. लागलं. तुटलं.

मशीनसुद्धा माणूस बघून वागतं.

शनिवार, १३

एक गोष्ट सुचली ती लिहून ठेवते. पाय मोडायच्या आधी हे सगळं नीट चालायचं. हे सकाळी फिरायला गेले की मी लावायचे, ठकीला चार ओळी लिहायचे, यांच्या चपला वाजायच्या आत बंद. एकदाही तुटलं नाही. पाय मोडला आणि हे सुरू झालं. माझ्या पायाचा आणि मोडेमचा काय संबंध? डॉक्टरांना विचारलं तर ते डोक्याचाही फोटो काढायला सांगतील.

आज उत्तर टाईप केलं. एकच शब्द, "ये." चौतीस वर्षं ऑफिसात टायपिस्ट होते, साहेबांची पानंच्या पानं बडवली. हा एक शब्द जाईना!

रविवार, १४

दिवसभर तेच. हे जेवताना म्हणाले, "फोन सारखा अडकलेला असतो. कुणाला काही कळवायचं असेल तर?"

"तुम्हाला कोण कळवणार आहे?" मी म्हटलं. लागेल असंच म्हटलं.

ताट स्वच्छ केलं. मग माझंही ताट उचलून नेलं.

सोमवार, १५

बघूला फोन केला. त्याने सांगितलं ते केलं. वेग कमी करून बघा — केला. कॉल वेटिंग बंद करा — केलं. नंबराच्या मागे स्वल्पविराम द्या म्हणजे मोडेम जरा थांबून पुढे जातो — दिला. मोडेमने विश्रांती घेतली, लागला, तुटला.

म्हटलं, तुझ्या दुकानातून माझं एक ईमेल पाठवशील? म्हणाला, "पाठवतो की, सांगा." तोंडाशी आलं होतं, आणि हे समोरून पाण्याचा तांब्या घेऊन आले. म्हटलं, राहू दे. मग वाटलं, घरातलं भांडण बघूच्या दुकानात नकोच.

मंगळवार, १६

तुटलं. काही लिहावंसं वाटत नाही.

बुधवार, १७

आज बघूचा आपणहून फोन आला. "काकू, एक विचारायचं राहिलं. तुम्ही लावलेलं असताना आतला रिसीव्हर कुणी उचलत नाही ना? उचलला की तुटतं हो."

मी हसले. म्हटलं, उचलणार कोण? घरात आम्ही दोघं. मी स्टुलाला बांधलेली, आणि हे तर फोनला —

फोन ठेवला आणि एकेक दिवस बोटांवर मोजला.

पाय मोडायच्या आधी हे फिरायला जायचे तेव्हा चालायचं. बघू आला तेव्हा हे समोर बसले होते तेव्हा चाललं. आत गेले की तुटतं.

मुद्दाम! माणूस मुद्दाम करतोय! सगळं कळलंय याला. पत्त्यांवर विश्वास कधी ठेवलाच नव्हता. पोरीला घरात येऊ द्यायचं नाही, आणि तोंडाने बोलायचंही नाही. आत जायचं, रिसीव्हर उचलायचा, काम फत्ते! आणि वर माझ्यासाठी भाज्या करपवायच्या!

जन्मभर पोस्टात होते. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. दुसऱ्याचं पाकीट कधी उजेडाला धरून बघितलं नाही, अशी ख्याती. आणि आपल्याच पोरीचं टपाल अडवतात!

इतका राग मला यांचा आजवर कधी आला नव्हता. विचारणार नाही. विचारलं तर नाही म्हणतील, आणि एकवीस तारीख भांडणातच जाईल. रंगेहाथ धरणार. उद्या प्लास्टर निघतंय.

गुरुवार, १८

प्लास्टर निघालं. खालचा पाय दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो, वाळकुडा. डॉक्टर म्हणाले, काठी घेऊन हळूहळू चाला. जिना चढताना यांनी मला धरलं. पूर्ण भार यांच्यावर, आणि मनात शिव्या. मधल्या वळणावर म्हणाले, "दमलीस का?" मी म्हटलं, "तुम्हीच दमाल." त्यांना काही कळलं नाही.

लावायचं होतं, पण पाय ठणकत होता. गोळी घेऊन झोपले. उद्या.

शुक्रवार, १९

आजच लिहायला हवं.

दुपारी जेवणं झाली. हे आत गेले. मी मोडेम लावला, आणि खुर्चीत बसून राहण्याऐवजी उठले. चपला काढल्या. काठी उचलून धरली, टेकवली असती तर आवाज झाला असता. भिंत धरधरून निघाले. मागे तो टूं टूं करतोय, नंबर फिरतोय, किंचाळतोय, आणि मी पावलापावलाने पुढे. त्याचा आणि माझा वेग सारखाच होता. काय बोलायचं ते पाठ होतं. कुठून सुरुवात करायची तेही. थेट आमच्या लग्नापासून.

दाराशी पोचले आणि किंचाळणं थांबलं.

हे पलंगाच्या कडेला फोनपाशी बसलेले. चष्मा काढून ठेवलेला. हलकेच रिसीव्हर उचलला, कानाला लावला, आणि दुसऱ्या हाताने बोलायची बाजू गच्च झाकली. आपला श्वास पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून. डोळे मिटून घेतले. कान असा दाबून धरला होता की पाळी लाल झाली होती.

मी म्हटलं, "तोडलंत?"

दचकले. पण रिसीव्हर सोडला नाही. माझ्यावरच डाफरले, "शू! हळू बोल! आत्ता येईल आवाज." मग जरा ऐकलं. मग म्हणाले, "रोज नुसती खरखरच येते गं. तू कशी काय ऐकतेस तिला?"

माझं सगळं पाठांतर गेलं.

दाराची चौकट धरून उभी राहिले. मग सांगितलं. यात आवाज नसतो, हो. पत्र येतं. अक्षरं येतात. पडद्यावर.

"फोनच्या तारेतून पत्र येतं?"

"येतं."

"आणि मी हा उचलला की?"

"तुटतं."

रिसीव्हर जागेवर ठेवला. आपटला नाही. आधी एक टोक टेकवलं, मग दुसरं. "म्हणजे आजपर्यंत सगळं मीच..." म्हणाले आणि चष्मा शोधायला लागले. चष्मा फोनशेजारीच होता. मला रडू आलं. यांना रडू आलं नाही असं हे म्हणतील.

मग बाहेर आलो. मी लावलं. हे स्टूल ओढून बसले, हात पुन्हा गुडघ्यांवर. लागलं. राहिलं! ठकीचं पत्र वरपासून खालपर्यंत उमटलं.

"वाचा," मी म्हटलं.

"नाव कुणाचं आहे वर?"

"आई."

"मग तू वाच. दुसऱ्याच्या नावाचं टपाल मी वाचत नाही." चोरून ऐकायला चालत होतं!

मोठ्यानं वाचलं. नंबर होता खाली, नव्या घरी फोन अजून आला नाही म्हणून ऑफिसचा. त्याखाली एक ओळ — "शुक्रवारी दुपारीच सुट्टीवर निघतेय, त्याआधी कळव. नंतर मी तुला सापडणार नाही." घड्याळ बघितलं. मोडेम बंद करून नंबर फिरवला. कुणीतरी माणूस म्हणाला, मॅडम निघून गेल्या.

हे म्हणाले, "तरी पाठव. टपाल उशिरा गेलं तरी जायला हवं."

"काय लिहू?"

तारेचा मजकूर सांगावा तसं सांगितलं. जन्मभर लोकांचे जास्तीचे शब्द खोडत आलेला माणूस. "ये. बाबा."

"एवढंच?"

"यात कमी काय आहे?"

पाठवलं. या वेळी गेलं.

शनिवार, २०

उत्तर नाही. येणार कुठून. हे दिवसभर आतल्या खोलीत गेलेच नाहीत. लाईन तुटेल म्हणून. मोडेम बंद आहे, मी सांगून थकले.

संध्याकाळी यांनी ठकीची खोली झाडली. विचारलं, कशाला? तर म्हणाले, धूळ होती.

रविवार, २१

सकाळी दाराची बेल वाजली. हे धावत आत गेले, रिसीव्हर उचलला आणि "हॅलो, हॅलो" करत बसले. दार मीच उघडलं, काठी टेकत.

ठकी! पिशवी खांद्यावर, चेहरा पांढराफटक. "काय झालंय? कोणाला झालंय? कळवलं नाहीस, म्हणून न राहवून शेवटी फोन करत होते — सगळा आठवडा एंगेज! सकाळ नाही, दुपार नाही! वाटलं, घरात काहीतरी झालंच. मग येऊ का नको याचा विचारच केला नाही."

तिला माझं ईमेल मिळालेलं नाही. ती या तुटक्या लाईनमुळे आली.

हे दारात येऊन उभे राहिले. मग यांनी पिशवी तिच्या खांद्यावरून काढून घेतली, कॉम्प्युटरकडे बोट केलं आणि म्हणाले, "तुझ्या नावाचं टपाल शुक्रवारपासून इथे पडलंय. आधी ते वाचून घे."