टाकीचा जुना आकडा

सर, मंगळवारी सकाळी आंघोळ करून देवापुढे बसलो. तुम्ही दिलेला वीतभर शाडूचा गणपती समोर होता. निरांजन लावलं, पण हात जोडवेनात. तसाच उठलो आणि पेणहून पहिली एसटी पकडून रोह्याला कंपनीत गेलो. जुनं युनिक्स मशीन आता बंद होतंय. वजनकाट्यापासून टाकीपर्यंतचे सगळे प्रोग्राम ज्या एका लायब्ररीवर, म्हणजे सामायिक कोडवर चालतात, ती तुमची लायब्ररी नव्या लिनक्स मशीनवर न्यायचं काम माझ्याकडे आलं आहे.

मागच्या वेळी ती आपण दोघांनीच या युनिक्स मशीनवर आणली होती. मी नुकताच लागलो होतो. तुम्ही मला तुमच्या भावाच्या गणपतीच्या कारखान्यात नेलंत आणि साच्यावर हात ठेवून म्हणालात, "साचा तोच, माती बदलली. आता भेग कुठे पडते ते शोधायचं. रंगाने बुजवायची नाही." प्रत्येक मशीन आकडा आपल्या रीतीने ठेवतं, हे मला तिथे कळलं. त्याच शिकवणीवर आजवर पोट भरलं, म्हणून तर तुमचा राग जास्त येतो.

तेव्हाच्या त्या नव्या मशीनवर टाकीचा आकडा मधूनच भलताच यायचा. वरचे साहेब दुपारी बघायला येणार होते. तुम्ही म्हणालात, "भलता आला तर आधीचाच दाखव. नंतर बघू." नंतर कोणी बघितलं नाही. चौथ्या दिवशी टाकी भरून वाहिली, आणि पडद्यावर मात्र ती अर्धीच होती. चौकशीत तुम्ही शांतपणे सांगितलंत, टाकीवरचा ऑपरेटर झोपला होता. तो म्हणत राहिला, "मी झोपलो नाय वो. आकडाच हलला नाय." मी तुमच्या शेजारी बसलो होतो. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "हुशार आहेस. आता गप्प राहायला शीक." त्याला काढलं. त्याच महिन्यात तुम्ही मला कायम करून घेतलंत आणि घरी हा गणपती दिलात. देवाच्या हातून माझं तोंड बंद केलंत, सर. त्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

मंगळवारी आधीचाच आकडा दाखवणारी ती ओळ कोडमध्ये तशीच सापडली. काढून टाकली. आता आकडा वाचता आला नाही तर लायब्ररी तसं सांगते आणि भोंगा वाजतो. मग पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात त्या ऑपरेटरच्या घरी गेलो. तो ओट्यावर वाल सोलत बसला होता. मी सगळं सांगितलं. त्याने मान वर केली नाही.

"मला तवाच म्हायती होतं. तुमाला सांगाया मशीन मरावी लागली व्हय?" मग आत बघून म्हणाला, "चा ठेव गो. कंपनीचा मानूस आलाय. झोपेतनं उठून."

मी चहा प्यायलो. त्याला सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. ती ओळ तुमची, पण टाइप केली माझ्या बोटांनी, आणि ती चूक आहे हे मला तेव्हाही कळत होतं. हे पत्र पोथीत ठेवतो आहे, तुम्ही तर हे जग सोडून गेलात, कुठे पाठवणार. कंपनीला मात्र काल लेखी दिलं. तो झोपला नव्हता, असं. खाली सही केली.