आबांचा अंगठा आणि आपली पट्टी

प्रिय मिसबाह,

जे औषध अजून औषध झालेलंच नाही, त्याची वाट बघत बसलेल्या माणसाला काय सांगायचं? मला नाही सांगता येत. आपल्या सरांनाही येईल असं वाटत नाही.

धुळ्याच्या दवाखान्यातून लिहितेय. फोन केला असता, पण आई शेजारीच बसलीय, आणि तुझा आवाज ऐकून मी रडले असते तर ती घाबरली असती. आबांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला रानात काटा लागला होता. साखरेच्या आजारामुळे पायाला कळतच नाही त्यांच्या. सुरुवातीला ते गावच्या दवाखान्यात पट्टी बदलायला जायचे, मग जाणं बंद केलं. का, ते आईनं आज सांगितलं. मी बी.एस्सी. झाले तेव्हा गावानं शाल-नारळ देऊन सत्कार केला होता, आठवतं? तू पेढे खाऊन आजारी पडलेलीस. तेव्हा नानाकाकांनी माईकवरून सांगून टाकलं होतं, आमची पोर जखमेचं औषध काढणार आहे. आबांनी ते मनात धरलं. पट्टी करणाऱ्या बाईंना सांगून आले, "मन्ही पोर औषध लई येई, तवलोंग ऱ्हाऊ द्या." म्हणजे पोर औषध घेऊन येईल, तोवर पट्टी राहू द्या.

फोनवर मला म्हणाले, येताना तुझी ती पट्टी घेऊन ये. मला वाटलं, त्यांना बघायचीय. केळीच्या खांबापासून आपण प्रयोगशाळेत केलेली ती पारदर्शक, जेलीसारखी चकती किती कौतुकानं डब्यात भरून आणली मी. घरी आल्यावर आबांनी पायावरचं फडकं सोडलं. मिसबाह, अंगठा काळा पडला होता. वास अजून नाकातून जात नाहीये. तसंच त्यांना इथे दवाखान्यात आणलं.

आपली चकती पू शोषते, जखम ओली ठेवते, औषध हळूहळू सोडते. पण हे सगळं बशीतल्या पेशींवर. ती जंतूमुक्तसुद्धा केलेली नव्हती. आणि मेलेलं मांस कुठलीच पट्टी जिवंत करत नाही. हे मी आबांना तीन तऱ्हांनी समजावलं. ते हसले. "तू बनाडेल शे ना? मंग डर कसाना?" तूच बनवलीस ना, मग भीती कसली, म्हणे. त्या हसण्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

डॉक्टर म्हणतात, अंगठा आजच काढला नाही तर विष वर चढेल, मग पायाचं सांगता येत नाही. आबा म्हणाले, आधी पोरीची पट्टी, नंतर काय ते. आईनं माझ्याकडे बघितलं. मला लाज वाटते सांगायला, पण डबा पिशवीत होता आणि माझा हात दोनदा तिकडे गेला. लावली असती तर आबा शांत झोपले असते.

ती चकती अर्धी तुझी आहे, आणि सोमवारी सर ती मागतील, म्हणून हे लिहिलं. तिची वाट बघू नकोस. आबांच्या समोर मी तिचे तुकडे केले आणि दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकले. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच ऑपरेशनच्या संमतीचा कागद मागितला आणि अंगठा उठवला. खाली मी सही केली. आता त्यांना आत नेलंय.

तुझीच, बाकावर बसलेली,
सुलक्षणा