ओढ्याकाठचा पट्टा

आई,

आज गुरुवार, कंपनीला सुट्टी. शिक्रापूरच्या या दोन खोल्यांत खिडकी उघडली की हायवेवरच्या ट्रकांचा धुरळा थेट ताटात येतो, म्हणून खिडकी लावून बसले आहे. तुला जाऊन एक तप उलटून गेलं. एवढ्या वर्षांत मी तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत. आज लिहितेय ते वहिनीमुळे. तिचा मला फार राग येतो. राग हा त्यातल्या त्यात बरा शब्द आहे म्हणून वापरते; खरं तर मी तिच्यावर जळते.

खुटबावचं आपलं ओढ्याकडचं खालचं रान. उसाला पाणी देऊन देऊन ते चोपण झालं होतं, उन्हाळ्यात वर मीठ फुललेलं दिसायचं. पडीक टाका, असंच सगळे सांगायचे. तू मात्र तिथं हिरवळीच्या खताचा धैंचा पेरलास, तो फुलायच्या आत रानातच गाडलास, वरच्या उसाचं पाचट जाळू न देता डोक्यावरून वाहून खाली पसरलंस. शेजारचे हसायचे. तू म्हणायचीस, "आपुन रानाकडनं नुसतं घेतच आलोय. आता त्याला घालायची पाळी आपली हाय." पण त्यातलं काहीएक मला करू दिलं नाहीस. दिवाळीच्या सुट्टीत मी हौसेनं पाचटाचा भारा उचलते, पात्यानं बोट चिरतं, आणि तू भारा हिसकावून घेतेस. "ठेव ते! तुला नोकरी करायचीय. ह्या हातानं लिही." नंतर चुलीपुढं बसवून बोटाला हळद लावलीस, पण संध्याकाळभर बोलली नाहीस. पुढं मी डिप्लोमा केला, कंपनीत लागले, तेव्हा तू मला केडगावच्या बाजारातून पर्स आणलीस. त्याच वर्षी दादाचं लग्न झालं आणि नव्या नवरीच्या हातात तू तुझं स्वतःचं खुरपं दिलंस, पातं झिजून निम्मं झालेलं. पर्स छान होती. पण मी बघत होते त्या खुरप्याकडे.

दादाची नोकरी दौंडला रेल्वेत, त्यामुळे रानात तुम्ही दोघीच. मी सुट्टीला यायचे तेव्हा बांधावर तुम्ही एकाच फडक्यातली भाकरी खात असायचात. मी लांबूनच गाडीचा हॉर्न वाजवायचे, उगीच, तुम्ही दचकावं म्हणून.

आता ते रान बघायला कॉलेजची मुलं गाडी करून येतात. माती काळीभोर झालीय, पाय ठेवला की दबते. वहिनी त्या मुलांसमोर तुझ्यासारखीच कमरेवर हात ठेवून उभी राहते. अवघड काही विचारलं की तुझ्याच सुरात "बघू की" म्हणते. तो सूर माझ्या वाट्याला यायला हवा होता. माझ्या बोलण्यात तुझं काहीच नाही, माझ्या कंपनीतले लोक मला पुण्याची समजतात.

गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. "वन्सं, उताऱ्यावर तुमचंबी नाव हाय. मिटिंगला यायला लागतंय." ओढ्याला ज्यांची रानं लागतात त्या सगळ्यांनी काठाचा एक पट्टा नांगराबाहेर ठेवायचा, तिथं करंज, बांबू, वाळा लावायचा, आणि पाचट कुणीच जाळायचं नाही, असं तिनं घरोघरी फिरून जमवत आणलं होतं. मी न्हावऱ्यावरून, भीमेचा पूल ओलांडून गेले. शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या. वहिनी बोलायला उठली.

"हाय ते वाचवायचं, एवढ्यावर आता भागणार न्हाई," ती म्हणाली. "ओढा मेलाय, त्यो जिता करायला लागंल. आपल्याला घावलं त्याच्यापेक्षा चांगलं रान पोरांच्या हातात पडलं पायजे."

बाया माना डोलवत होत्या. तिथं तू उभी असायला हवी होतीस, आणि तू नाहीस तर मी. ही कोण, असं माझ्या मनात आलं. सोसायटीचे जुने चेअरमन आप्पा म्हणाले, "समदे हो म्हणत असतील तर माझंबी हो. पर एकाचा जरी काठ उघडा ऱ्हायला, तर पाणी तिथनंच आत घुसतंय." मग माझ्याकडं वळले. "लेकी, तुझं काय?"

"माझं नाही," मी म्हटलं. "माझ्या वाटणीचा काठ मी सोडणार नाही."

एकदोघं धोतर झटकत उठलेसुद्धा. आप्पांनी त्यांना खाली बसवलं आणि चहा सांगितला. वहिनी मला बाजूला घेऊन ओढ्याकडं चालू लागली. मला वाटलं, आता माती दाखवणार.

"वन्सं, तुमचा राग रानावर न्हाई, माझ्यावर हाय," ती म्हणाली.

"तुला सगळं मिळालं," मी म्हटलं. "आईसकट."

ती थांबली. "आत्याबाई मला काय शिकवत व्हत्या, ठाव हाय? खुरपायला बसलो की तुमचंच चालू. आज पोरीचा पेपर आसंल. आज पोरगी जेवली आसंल का. वाटाण्याला शेंगा लागल्या की पयला वाटा तुमचा, घरात कुणी हात लावायचा न्हाई. माझं माह्यार कसं हाय, कवा एकदा तरी इचारलं का मला? तुमचं तोंड बघू वाटायचं न्हाई मला, वन्सं. लई वर्सं."

मला रडू यायला हवं होतं. आलं ते समाधान, अगदी पोट भरल्यासारखं. आम्ही परत गेलो, चहाचे कप गोळा होत होते, आणि मी सगळ्यांसमोर हो म्हटलं.

पट्टा झाला. पावसाळ्यात ओढ्यानं काठ कुठंच कापला नाही. वहिनी येईल त्याला सांगते, "वन्संनी त्या दिवशी वढा बघितला आन् त्यास्नी पटलं." मी तिला तसं सांगू देते. दर गुरुवारी मी गावी जाते, तिच्या शेजारची ओळ धरते, आळी करते, पाणी घालते, आणि ती तुझ्याबद्दल कधी बोलेल याची वाट बघते. ती थोडंथोडंच सांगते. काही अजून स्वतःकडे राखून ठेवलंय, असा मला संशय आहे, आणि त्यावरून मी पुन्हा जळते. आज ती माहेरी गेलीय, म्हणून मी इथं आहे.

हे पत्र तिला दाखवणार नाही, आणि तुझ्यापर्यंत पोचवायला कुणी नाही. तेव्हा खरं ते लिहून ठेवते. मी हो म्हटलं ते ओढ्यासाठी नाही, पोरांच्या रानासाठीही नाही. काठावरची निम्मी रोपं कसली आहेत, हे मला अजून ओळखता येत नाही.