बाबांनी न नांगरलेला तुकडा

दादा,

पाणथळीतलं पाणी काढायला चर खणायचा म्हणून तू ठरवलेला जेसीबीवाला आज आला होता. मी त्याला परत पाठवलं, तर म्हणाला, "मशीन काय शेत बघायला आणलं होतं का?"

काल वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. "पाणथळीतलं हे गवत या भागात फक्त तुमच्याकडे उरलंय. वडिलांनी मुद्दाम राखलं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणून बसलो. खरं तर तिथे ट्रॅक्टर रुतायचा, म्हणून बाबा शिव्या घालत वळायचे. पण ट्रॅक्टर विकल्यावरही ते रोज तिथे जाऊन बसायचे. कशाला, ते मी कधी विचारलं नाही. तू विचारलं होतंस का रे?

हे पत्र काही पाठवणार नाही. फोनवर सांगेन, मशीन बिघडलंय.

तुझा गोंधळलेला,
धाकटा