कपाशीवरची माती

अमळनेर, २० जुलै २०२५

ती. स्व. तोतारामनाना यांना,
इंदिराचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. माझ्या कपाशीला कोणीतरी माती थापतंय. पात्यांच्या, कोवळ्या कळ्यांच्या, देठाशी मुगाएवढी मातीची टोपणं. खरवडली तरी दोन दिवसांनी पुन्हा हजर.

शेजारचं शेत माझ्या दिरांचं, हेमराजभाऊंचं. दोनदा ते सकाळी माझ्या कपाशीत वाकलेले दिसले. हाक मारली तर बांध ओलांडून निघून गेले. कोकिळा, त्यांची बायको, त्याच बांधावर मुंग्यांना पीठ घालते. हे गेल्यापासून मी एकटी, म्हणून करणी करताहेत, दुसरं काय?

तीन तारखेला कानबाई देवीचा सण. रोटासाठी, प्रसादाच्या पोळ्यांसाठी, भाऊबंदातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजतो. यंदा त्यांच्या घरचे मोजणार नाही, रोट खायलाही बोलावणार नाही. कपाशीवर जहाल औषध मारू का? तुम्ही शेतकी शिकवलीत, लवकर कळवा.

वहिनींना नमस्कार. माया असू द्या.
तुमची इंदिरा


धुळे, २५ जुलै २०२५

चि. इंदिरा हिस,
अ. उ. आ.

लहानपणी तुझी रिबीन हरवली की आधी माझा खिसा तपासायचीस. ती खोड गेली नाही अजून!

तुझे चोर सहा पायांचे आहेत. पातीच्या बुडाशी बारीक खळगी असते, तिच्यातून गोड रस पाझरतो. जिभेला लावून बघ. त्या रसावर मुंग्या मातीचं छप्पर घालतात आणि खाली बसून पितात. एक टोपण काढ आणि तिथेच बसून राह, म्हणजे कोण बांधतं ते दिसेल. अळी आली तर याच मुंग्या तिला हुसकावतात. औषध मारू नकोस. आणि हेमराजचे गहू आधी मोज.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझा नाना


अमळनेर, ५ ऑगस्ट २०२५

ती. स्व. नाना यांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल सोमवारी पोचलं. रोट रविवारीच झाला होता, त्यांना सोडून. तशीच शेतात गेले. रस गोड लागला. मुंग्यांनी माझ्यादेखत कणकण माती आणून छप्पर घातलं.

घरी येऊन त्यांचे गहू मोजले, दळले, रोट केला आणि त्यांच्या दारी गेले. तिथे कळलं, त्यांच्या कपाशीलाही तशीच माती आहे, नाना! त्यांचा संशय माझ्यावर होता. म्हणून ते माझी झाडं बघायला येत.

चूल थंड दिसली. कोकिळा म्हणाली, कानबाईचा रोट तोंडात पडल्याशिवाय जेवायचं कसं, कालपासून कोणी जेवलं नाही. हेमराजभाऊ एवढंच म्हणाले, वहिनी, आम्ही बठ्ठा वाट देखत व्हतूत. घरातले सगळेच माझी वाट बघत होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिला घास मी त्यांच्या हातून घेतला.

रागवा, पण पत्र पाठवा.
तुमची इंदिरा