कंट्रोल, शिफ्ट, एक

३ नोव्हेंबर, सोमवार

मनगट ठणकतंय. रेकॉर्ड रूममध्ये आज एकशे बारा नोंदी टाइप केल्या. डॉक्टर नवे येतात, खुर्ची मात्र माझी तीच, एका बाजूला कललेली!

बाळाबाई आल्या होत्या. कोडोलीहून, पाचव्यांदा. भावाला शोधतायत – गुंडू कुऱ्हाडे. डोक्यानं जरा अधू, गेल्या वर्षीच्या दिवाळीत घरातून निघून गेला. आपल्या दवाखान्यात कुणीतरी त्याला बघितलं होतं म्हणे. 'एकडाव बगा की, बाई.' आडनाव टाइप केलं. 'नोंद आढळली नाही.' दर वेळी हेच.

जाताना भडंगाची पुडी ठेवून गेल्या. लाज वाटली. कंटाळाही आला – खोटं कशाला लिहू?

६ नोव्हेंबर, गुरुवार

काही नाही. दमले.

१० नोव्हेंबर, सोमवार

सॉफ्टवेअर कंपनीचे नृसिंह आले. टक्कल, कपाळावर चष्मा, तासाला एक चहा. धोंडुबाई बऱ्हाटे नावाची एकच पेशंट यादीत दोनदा दिसते, म्हणून बोलावलंय. मी म्हटलं, दोन बायका असतील. म्हणाले, 'मॅडम, नाव तेच, गाव तेच, जन्मतारीखसुद्धा तीच!' बरं बाबा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

चूक माझी निघाली. म्हणजे माझ्या बोटांची.

नृसिंहांनी दोन्ही 'बऱ्हाटे' शेजारीशेजारी ठेवले. डोळ्यांना एकसारखे. मग कॉम्प्युटरला अक्षरं मोजायला लावली – एकात सात, दुसऱ्यात आठ! आठवं कुठंय? दिसतच नाही.

जुन्या कॉम्प्युटरवर हा असा 'ऱ्ह' सरळ यायचा नाही. र, मग हलंत, मग कंट्रोल-शिफ्ट-एक, मग ह. ही युक्ती मीच शोधली होती, सगळ्यांना शिकवलीही – केवढा तोरा होता मला! त्या कंट्रोल-शिफ्ट-एकनं मधे एक न दिसणारं अक्षर जाऊन बसतं. शिवजयंतीनंतर नवा कॉम्प्युटर आला, त्यावर 'ऱ' आयता मिळतो. दिसायला नाव तेच, पण कॉम्प्युटर अक्षरांमागचे आकडे वाचतो. त्याच्या लेखी ती दोन माणसं.

नृसिंह रंगात आले. म्हणाले, कंट्रोलचं बटण मुळात न दिसणारे इशारे पाठवायलाच निघालं. इंग्रजी A चा नंबर पासष्ट; कंट्रोलबरोबर दाबला की चौसष्ट वजा, उरला एक. G बरोबर दाबलं की पूर्वी घंटी वाजायची, M बरोबर दाबलं की एंटर. कागदावर काही उमटायचं नाही, यंत्राला मात्र कळायचं. आपलं हे न दिसणारं अक्षर त्या जुन्या आकड्यांतलं नाही, पण जात तीच.

मी मान हलवत राहिले. बस गाठायची होती.

१२ नोव्हेंबर, बुधवार

भाजी चिरताना हात थांबला.

कुऱ्हाडे.

त्यातही 'ऱ्ह' आहे! आणि बाळाबाई पहिल्यांदा आल्या त्या शिमग्याला, म्हणजे नव्या कॉम्प्युटरवर. पाचही वेळा मी नव्या पद्धतीनं शोधलं. तो त्याआधी दाखल झाला असेल तर? दुधी तसाच ठेवला. जेवण गेलं नाही. नसू दे तिथं, असं दहादा म्हटलं – माझ्यासाठी म्हटलं, त्यांच्यासाठी नाही. हे लिहितानासुद्धा शरम वाटते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. क, उकार, र, हलंत. कंट्रोल, शिफ्ट, एक. बोटांना अजून सवय आहे. पुढचं टाइप केलं, एंटर मारला.

सापडला. गुंडू कुऱ्हाडे, प्रवेश १९ जानेवारी, पुरुष वॉर्ड – आमच्याच वरचा मजला. 'सोबत कोणी नाही.' नोंद मीच केलेली, खाली माझी आद्याक्षरं. चेहरा आठवत नाही – आठवेल कसा? मी त्याला पाहिलंच नव्हतं, फक्त टाइप केलं होतं.

संपूर्ण वाचलं. नंतर कोडोलीला फोन लावला. 'सोमवारी या,' एवढंच म्हणाले. 'गावला व्हय?' त्यांनी विचारलं. मी म्हटलं, 'या तुम्ही.' भित्री कुठली!

१७ नोव्हेंबर, सोमवार

बाळाबाई आल्या. त्यांना खुर्ची दिली, शेजारी बसले आणि नोंद वाचून दाखवली. मृत्यू ११ एप्रिल. बेवारस म्हणून अंत्यविधी.

रडल्या नाहीत. कितीतरी वेळ बोटांवर महिने मोजत राहिल्या. मग विचारलं, 'म्हंजी शिमग्याला मी आल्तो, तवा त्यो वरच हुता?'

मी होय म्हणाले.